‘१६००एक्स’ यूएसबी मायक्रोस्कोप : जुन्या जपानी त्सुबा पारखायला किती कामाचा?

जपानी तलवारीत पातं आणि मूठ यांच्यामध्ये जी धातूची चकती बसते ती त्सुबा. जुनी त्सुबा हाती आली, की ती कुठल्या काळातली आणि कुठल्या घराण्यातली हे ठरवण्यासाठी बहुतेक जण सगळ्यात आधी यूएसबी मायक्रोस्कोप मागवतात. १५०० ते २००० रुपयांचा, जाड मार्करएवढा, टोकाला ८ एलईडींची गोल माळ आणि खोक्यावर ‘१६००एक्स’ छापलेलं. नावं वेगवेगळी, माल साधारण एकच. आमचं मत आधीच सांगतो: घ्या, पण तिसऱ्या क्रमांकावर. पहिला डिजिटल व्हर्नियर, म्हणजे जबड्यांत धरून माप घ्यायचं यंत्र, दुसरं सोनाराचं दहापट भिंग आणि मग हा. त्सुबा कशी बनवली आणि नंतर तिच्यावर कोणी हात मारला का, या दोन प्रश्नांची उत्तरं हा फार छान देतो. वय आणि घराणं मात्र तो सांगत नाही. ते माप, आकार आणि लोखंडाच्या पृष्ठभागावरून ठरतं.

खोक्यावरचा आकडा सोडून द्या. चाक फिरवलं की प्रतिमा दोनच ठिकाणी नीट स्पष्ट होते. एका ठिकाणी साधारण १० मिलिमीटर रुंदीचा भाग दिसतो, दुसऱ्या ठिकाणी जेमतेम दीड-दोन मिलिमीटरचा. त्यापुढचं सगळं चित्र नुसतं ताणून मोठं केलेलं असतं, त्यात नवा तपशील येत नाही. त्सुबेसाठी पहिली जागाच कामाची. दुसऱ्या जागेवर एकाच वेळी स्पष्ट दिसणारी खोली इतकी कमी मिळते, की कोरीवकामाचा वरचा काठ स्पष्ट केला की तळ धूसर होतो.

सोबत येणारा वाकवता येणारा स्टँड हलका आहे. खोलीत पंखा सुरू असला तरी चित्र थरथरतं. स्टँडच्या पायावर एखादं किलोभराचं वजन ठेवा किंवा लाकडी फळीला स्क्रूने आवळून टाका, काम निभतं. ओटीजी पिनने तो थेट मोबाइलवर चालतो. खेड्यात हा मोठा फायदा, कारण लाइट गेली तरी काम अडत नाही. मोबाइलच्या कॅमेरा ॲपमध्ये तो कधी दिसतो, कधी दिसत नाही. यूएसबी कॅमेऱ्याचं वेगळं ॲप टाकलं की बहुतेक अडचण सुटते. केबलची पिन मात्र नाजूक आहे. पिन धरूनच ओढा, वायर धरून नको.

खरी गडबड उजेडाची आहे. ती गोल माळ पूर्ण लावली, की धातूवर ८ पांढरे ठिपके उमटतात आणि उठाव सपाट दिसतो. एलईडीचं बटण शून्यावर आणा. एका बाजूने टॉर्च घ्या, तिच्यावर बटर पेपर लावा आणि उजेड पृष्ठभागाला जवळजवळ समांतर, १५ ते २० अंशांच्या तिरक्या कोनात सोडा. मग त्सुबा हळूहळू फिरवत न्या. छिन्नीचा घाव, कानशीची रेघ, गंजाचा खड्डा, सगळं सावलीतून उठून दिसतं. दुसरी गोष्ट रंगाची. हा कॅमेरा पांढरेपणा आपला आपणच ठरवतो, त्यामुळे त्याच्या चित्रावरून धातूचा रंग कधीही ठरवू नका. शाकुदो म्हणजे तांब्यात साधारण ३ ते ५ टक्के सोनं घालून, वर रासायनिक प्रक्रियेने आणलेली निळसर काळी झळाळी. पडद्यावर ती कधी राखाडी दिसते, कधी हिरवट. शाकुदो, चांदी मिसळलेली शिबुइची आणि नुसतं काळवंडलेलं तांबं यांतला फरक सकाळच्या वेळी ओसरीच्या सावलीत, उघड्या डोळ्यांनीच कळतो.

आता हा मायक्रोस्कोप कुठे पैसे वसूल करून देतो ते सांगतो. पहिली जागा जाळीच्या आतल्या भिंती. सुकाशी, म्हणजे आरपार कोरलेली नक्षी, खऱ्या त्सुबेत छिन्नीने, करवतीने आणि कानशीने काढलेली असते. त्सुबा थोडी कलती करून आतल्या भिंतीवर कॅमेरा रोखला, की कानशीच्या समांतर रेघा दिसतात. कोपरे आत जाऊन नीट मिळालेले असतात आणि वरचा काठ झिजला असला तरी भिंत सरळ उतरते. ओतीव त्सुबेत हेच कोपरे गोलसर, भरल्यासारखे असतात. भिंतीच्या मध्यावर साच्याच्या जोडाची बारीक शीर आढळते, किंवा ती घासून टाकल्याचा एक पट्टा. शिवाय वाळूच्या कणांसारखे बारीक, सगळीकडे एकसारखे खड्डे असतात. घडीव लोखंडाला गंजाने पडलेले खड्डे असे एकसारखे नसतात. ते कुठे दाट, कुठे विरळ असतात आणि थरांच्या दिशेने लांबटलेले असतात. एदोतल्या, म्हणजे आजच्या तोक्योतल्या, आकासाका घराण्याच्या काही त्सुबांमध्ये तीन पत्रे एकावर एक जोडून पट्टी केलेली असते. त्या जोडाच्या रेषा कधी कधी याच आतल्या भिंतीत सापडतात. इथे मात्र मायक्रोस्कोप घराण्यापर्यंत पोहोचायला खरोखर हातभार लावतो.

दुसरी जागा सोन्याची. लोखंडावर सोनं-चांदी बसवण्याची नुनोमे-झोगान ही पद्धत अशी: आधी लोखंडावर छिन्नीने अगदी बारीक आडव्या-उभ्या, तिरक्या रेघांची जाळी पाडायची, मग वरून सोन्याचा पातळ पत्रा ठोकायचा. रेघांच्या दातांत तो पत्रा अडकून राहतो. जिथे सोनं झिजून गेलंय, तिथे कॅमेरा न्या. खाली ती जाळी दिसली, काही खाचांत सोन्याचे धागे अडकलेले दिसले, तर काम खरं. सोनं निघून गेलेल्या जागी लोखंड गुळगुळीत असेल, किंवा सोन्याचा पातळ थर गंजाच्या खड्ड्यांच्या आत उतरून काठावरून पलीकडे ओघळला असेल, तर विजेच्या मुलाम्याचा संशय घ्या. हा फरक दहापट भिंगातून अर्धवट कळतो. या मायक्रोस्कोपच्या १० मिलिमीटर दाखवणाऱ्या जागेवर, तिरक्या उजेडात, तो इतका साफ दिसतो की वादाला जागा उरत नाही. एवढ्या एका कामासाठीही तो घेण्यासारखा आहे.

तिसरं काम मेईचं, म्हणजे कारागिराच्या कोरलेल्या सहीचं. सही सहसा मधल्या भोकाच्या बाजूला, सेप्पा-दाई नावाच्या लंबगोल जागेवर असते. छिन्नीने मारलेल्या रेघेत धातू कापला जातो आणि थोडा बाजूला ढकललाही जातो, म्हणून रेघेच्या काठाला बारीकशी वर आलेली कड असते. रेघ एकसंध नसते, छोट्या त्रिकोणी घावांची माळ असते. सहीच्या तळाशी गंजाचा आणि झळाळीचा थर आजूबाजूसारखाच आहे का ते बघा. आजूबाजूचा भाग जुना काळपट आणि घावाचा तळ ताजा किंवा एकाच रंगाने रंगवल्यासारखा असेल, तर सही नंतरची. ओतीव मालावरच्या सहीचा तळ गोल असतो, कड नसते. नोबुइए आणि कानेइए या मोमोयामा काळातल्या, म्हणजे सोळाव्या शतकाच्या अखेरच्या, दोन नावांच्या खोट्या सह्या इतक्या आहेत, की या नावांची त्सुबा समोर आली की आधी सही झाकून बाकीची त्सुबा वाचावी. हिकोने गावच्या सोतेन या कारागिराचंही तसंच. जाळीत योद्धे आणि झाडं कोरलेल्या, त्याच्या नावाच्या नकला ढिगाने बनल्या.

नानाकोबद्दल थोडक्यात: मऊ धातूवर एकेक ठोकून उठवलेल्या बारीक मण्यांच्या रांगा. खऱ्या कामात प्रत्येक मणी सुटा आणि गोल असतो, रांग जराशी हलते पण तुटत नाही. ओतीव नकलेत मणी एकमेकांत विरघळलेले दिसतात.

आता जिथे हा मायक्रोस्कोप हात टेकतो, तिकडे वळू. ओवारी आणि कानायामा घराण्यांच्या लोखंडी त्सुबांची सगळ्यात मोठी ओळख म्हणजे कडेवरचे तेक्कोत्सु: घडाई करताना राहिलेल्या जास्त कार्बनच्या, कठीण लोखंडाच्या गाठी. बाजूचं मऊ लोखंड झिजत जातं आणि या गाठी गुळगुळीत, किंचित चमकदार होऊन वर राहतात. त्या बघायच्या त्या खिडकीतल्या तिरक्या उन्हात, त्सुबा हातात फिरवत, बोटाने चाचपत. १० मिलिमीटरच्या चौकटीत त्यातली एखादी गाठ मावते, पण कडेवर त्या कशा विखुरल्या आहेत हे कळत नाही, आणि ओळख त्या विखुरण्यातच आहे. तीच गोष्ट सेप्पाच्या, म्हणजे त्सुबेला लागून बसणाऱ्या वॉशरच्या, ठशाची. त्सुबा खरंच तलवारीला चढवलेली असेल, तर दोन्ही बाजूंच्या वॉशरचा लंबगोल ठसा सेप्पा-दाईवर राहतो. तो २५ मिलिमीटरहून मोठा असतो, एका चौकटीत येणारच नाही. १८७६ च्या हाइतोरेई फर्मानाने सार्वजनिक ठिकाणी तलवार बाळगण्यावर बंदी आली आणि कारागिरांचं जुनं गिऱ्हाईक गेलं. त्यानंतर योकोहामा बंदरातून परदेशी गिऱ्हाइकांसाठी जो माल निघाला त्याला हामामोनो म्हणतात. त्यातल्या बऱ्याच त्सुबा कधी तलवारीला लागल्याच नाहीत. असा ठसा नसणं हा तिथे पहिला इशारा.

म्हणून व्हर्नियर आधी. तालुक्याच्या हार्डवेअर दुकानात ७००-८०० रुपयांत मिळणारा चालतो, पण घेतल्यावर तपासून घ्या. मोटर-पंप दुरुस्तीच्या दुकानात नवा ६२०४ नंबरचा बेअरिंग मागा. त्याचा बाहेरचा व्यास ४७ मिलिमीटर असतो. तीन ठिकाणी मोजा. ४६.९७ ते ४७.०३ च्या आत आलं तर यंत्र ठीक. त्सुबा मोजताना व्हर्नियरच्या जबड्यांवर पातळ कागदी टेप लावा, नाहीतर कडेवर चमकदार ओरखडा उमटतो. टेपची जाडी आधी शून्य करून घ्या.

मोजायचं असं. त्सुबा समोर धरा, मधल्या नाकागो-आना या भोकाचं निमुळतं टोक वर. उंची, रुंदी, कडेची जाडी वर, खाली, डावीकडे, उजवीकडे अशी चार ठिकाणी आणि सेप्पा-दाईची जाडी वेगळी. कड आणि मध्य यांची जाडी सारखी आहे, कडेला वाढते आहे की कमी होते आहे, हे लिहून ठेवा. विक्रीच्या वर्णनांत हे जवळपास कधीच नसतं आणि घराणं ठरवताना सगळ्यात आधी तेच लागतं. मोठी, ८ ते ९ सेंटिमीटरची, अडीच-तीन मिलिमीटर जाडीची साधी लोखंडी चकती, तिच्यात एक-दोन छोट्या आरपार आकृत्या, असं असेल तर को-तोशो म्हणजे तलवार घडवणाऱ्यांच्या कामाकडे बघा. कड किंचित उठलेली असेल तर को-काच्चुशी म्हणजे चिलखत घडवणाऱ्यांकडे. ही कामं मुरोमाची काळातली (चौदावं ते सोळावं शतक) किंवा त्याआधीची असू शकतात, पण त्यांच्या नकला एदो काळातही (सतरावं ते एकोणिसावं शतक) होत राहिल्या, म्हणून एकट्या मापावर निकाल देऊ नका. छोटी, जाड, ५-६ मिलिमीटरची आणि कडेवर ठसठशीत गाठी असलेली असेल तर कानायामा. नाजूक, बारीक रेषांची, तोल सांभाळून काढलेली जाळी आणि गाठी जवळपास नाहीत, तर क्यो-सुकाशी, म्हणजे क्योतोचं जाळीकाम. तिथेच रेषा जाड, रचना ठाम आणि कडेवर गाठी असतील तर ओवारी. या दोघींत गल्लत नेहमी होते, कारण फोटोत दोघी सारख्या दिसतात आणि हातात घेतल्यावर वेगळ्या.

बाजूच्या दोन भोकांकडे विशेष लक्ष द्या. डावीकडचं अर्धचंद्रासारखं भोक छोट्या सुरीसाठी, उजवीकडचं तीन पाकळ्यांचं कोगाईसाठी, म्हणजे म्यानात ठेवायच्या केस सावरण्याच्या काडीसाठी. ही हित्सु-आना मूळ नक्षीत सामावलेली आहेत की नक्षी कापून नंतर पाडलेली? एखाद्या फुलाची पाकळी भोकाने अर्धी कापली गेली असेल, तर त्सुबा भोकाहून जुनी. भोक नंतर तांब्याने, शाकुदोने किंवा मऊ पांढऱ्या धातूने बुजवलेलं असेल, तर ती एकाहून अधिक तलवारींना लागलेली आहे. हिगो प्रांतात, सरदार होसोकावा तादाओकी म्हणजे सान्साई (१५६३–१६४६) यांच्या आश्रयाने हायाशी, निशिगाकी, हिराता आणि शिमिझू ही चार घराणी उभी राहिली. त्यांच्या कामात या भोकांची आणि सेप्पा-दाईची घडण इतकी खास असते, की जाणकार आधी तिथेच बघतात. हायाशी माताशिची (१६१३–१६९९) याच्या कामाचं लोखंड पाहिलं की बाकी हिगो लोखंड आपोआप वेगळं दिसू लागतं. आणि कोणी गोतो घराण्याचा मूळपुरुष गोतो युजो (१४४०–१५१२) याची त्सुबा म्हणून काही पुढे केलं, तर सावध व्हा. गोतोंच्या पहिल्या पिढ्यांचं काम प्रामुख्याने मेनुकी (मुठीवरचे छोटे दागिने), कोझुका (छोट्या सुरीची मूठ) आणि कोगाईचं आहे.

वजनकाटाही पाव किलोपर्यंत आणि एका ग्रॅमच्या फरकाने दाखवणारा हवा. ७८ मिलिमीटर व्यासाची, ४ मिलिमीटर जाड सलग चकती १९.१ घनसेंटिमीटर भरते. लोखंडाची असेल तर सुमारे १५० ग्रॅम, तांब्याची १७१, आणि शोभेच्या तलवारींना लावतात त्या जस्ताच्या मिश्रधातूची १२८. मधलं भोक आणि बाजूची दोन भोकं यांचे साधारण १.६ घनसेंटिमीटर वजा करा, म्हणजे लोखंडी त्सुबा १३८ च्या आसपास यायला हवी. जाळीकाम जास्त असेल तर हा हिशोब बसत नाही. लोहचुंबक जस्त वेगळं काढतो, पण ओतीव लोखंड आणि घडीव लोखंड त्याला सारखंच. पाण्यात बुडवून घनता काढायच्या फंदात लोखंडी त्सुबेसाठी पडू नका. जाळीच्या फटींत पाणी राहतं आणि गंज धरतो.

मायक्रोस्कोपखाली लाल-नारिंगी, भुकटीसारखा गंज दिसला तर तो जिवंत गंज आहे, खाणारा. काळपट-तपकिरी, घट्ट, चमक असलेला थर ही जुनी झळाळी, तिला हात लावायचा नाही. लाल गंज काढायला जपानमध्ये पूर्वी हस्तिदंत, हाड किंवा हरणाचं शिंग वापरत. आपल्याकडे जंगलाकाठच्या गावांत चितळाचं गळलेलं शिंग सापडतं, पण ते उचलून घरी ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यात गुन्हा आहे. बोकडाचं उकळून स्वच्छ केलेलं हाड किंवा धार काढलेली बांबूची कांब पुरते. हाडाच्या टोकाने फक्त लाल भाग दाबून, हळूहळू खरवडा आणि दर काही मिनिटांनी कॅमेऱ्याखाली बघा. काळा थर उघडा पडला की थांबा. मग धुऊन मऊ झालेल्या सुती कापडाने रोज थोडं घासत राहा. सुताचे तंतू जाळीत अडकतात, ते मऊ ब्रशने काढा.

तेलाच्या बाबतीत एक गोष्ट आमच्या भागासाठी मुद्दाम. घरात जवसाचं तेल असतं म्हणून ते लावू नका. ते हवेत सुकून कातडीसारखा थर धरतं, त्याखाली धूळ अडकते आणि मायक्रोस्कोपमध्ये तो थर जुन्या लाखेसारखा दिसून फसवतो. शिलाई मशीनचं पातळ तेल कापडावर एक थेंब घेऊन पुसा आणि लगेच कोरड्या कापडाने काढून टाका. चिंच, लिंबू, भांडी घासायची पावडर यांतलं काही शाकुदो-शिबुइचीला लागलं, तर झळाळी उतरते आणि ती परत आणायला जपानी पद्धतीचं रसायन आणि तसा हात लागतो. उन्हाळ्यात वऱ्हाडात हवा कोरडी म्हणून निर्धास्त राहू नका. कूलर लावलेली खोली ओली असते. त्सुबा त्या खोलीत उघडी ठेवली, की मे महिन्यातही आठ-दहा दिवसांत कडेवर लाल ठिपके उठतात. घामट बोटांचे ठसेही तसेच गंजतात. हाताळताना कडेने धरा आणि नंतर पुसून ठेवा. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, पावसाळ्यात त्या दर पंधरा दिवसांनी बदला.

या मायक्रोस्कोपने काढलेले फोटो मत मागण्यासाठी पाठवणार असाल, तर ते शेवटी जोडा. आधी दोन्ही बाजूंचे पूर्ण फोटो हवेत: कॅमेरा बरोबर वरून, निमुळतं टोक वर, शेजारी मिलिमीटरची पट्टी, खाली काळसर साधं कापड. मग कडेचे फोटो, चारही बाजूंनी. जवळचे फोटो पाठवून पूर्ण त्सुबा दाखवली नाही, तर कोणीही जाणकार काही सांगू शकत नाही. कागदपत्राच्या रूपाने खात्री हवी असेल, तर तोक्योतली निहोन बिजुत्सु तोकेन होझोन क्योकाई ही १९४८ सालची संस्था आहे. तिचं तलवार संग्रहालय २०१८ पासून र्योगोकू भागात आहे. तलवारीच्या जोडवस्तूंना तिथे होझोन, तोकुबेत्सु होझोन, जुयो आणि तोकुबेत्सु जुयो असे चढते दर्जे दिले जातात. त्यासाठी त्सुबा प्रत्यक्ष समोर ठेवावी लागते, फोटोवर निकाल मिळत नाही. सही नसलेल्या त्सुबेच्या कागदावर घराण्याचं नाव येतं. ते त्या मंडळाचं मत असतं, बनवणाऱ्याची सही नव्हे, आणि विकत घेणाऱ्यांनी ते तसंच वाचावं.

विकत घेताना दोनच गोष्टी बघा. एलईडीचं बटण पूर्ण शून्यावर येतं का, कारण काही मॉडेलमध्ये ते अर्ध्यावरच अडतं आणि मग तिरक्या उजेडाचं काम होत नाही. आणि स्पष्ट करण्याचं चाक घट्ट आहे का. सैल चाक मायक्रोस्कोप उभा धरला की स्वतःच सरकतं आणि मोजमापाची पट्टी लावून काढलेले फोटो एकमेकांशी जुळत नाहीत. दहापट भिंग नागपूरच्या इतवारी सराफ्यात सोनारांची अवजारं विकणाऱ्यांकडे मिळतं. घेताना छापील कागदावर धरून बघा. कडेची अक्षरं वाकत किंवा रंगीत होत असतील तर ते ठेवून द्या आणि तीन काचांचं मागा.